हृदयाचा खराब झालेला भाग विजेच्या सिग्नलवरून कसा ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशंट आत टेबलावर झोपलेला असतो, नातेवाईक दारात उभे असतात, आणि इसीजीची पट्टी मशीनमधून पूर्ण बाहेर यायच्या आत पहिला प्रश्न येतो, "काय निघालं?" निकाल सांगणं हे डॉक्टरांचं काम, पट्टी काढणाऱ्याचं नाही. पण पट्टीत काय बघतात, कशावरून "जुना ॲटॅक" म्हणतात, पुण्याला मॅपिंगसाठी (हृदयातल्या विजेचा नकाशा काढायला) का पाठवतात, हे समजून घ्यायचा हक्क सगळ्यांना आहे. सोलापूर शहरातून आणि बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणारे लोक जे विचारतात, त्यातलं बरंचसं इथे घेतलं आहे. शेवटी इंजिनिअरिंगच्या मुलांचेही एक-दोन प्रश्न आहेत, कारण दरवर्षी प्रोजेक्टच्या हंगामात ते येतातच.

छातीत आत्ता दुखत असेल तर हे वाचत बसू नका. १०८ ला फोन करा.

इसीजी काढताना शॉक बसतो का?

नाही. मशीन शरीरात करंट सोडत नाही, शरीरातला करंट फक्त मोजतं. थंड जेलीनं अंग शहारतं तेवढंच.

शरीरात वीज येते कुठून?

क्षारांमधून. हृदयाच्या स्नायूपेशीच्या आत पोटॅशियम जास्त असतं, बाहेर सोडियम जास्त. या फरकामुळे शांत असताना पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ९० मिलिव्होल्टने उणे असते. इशारा आला की पेशीची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, भार उलटतो आणि शेजारच्या पेशीला तोच इशारा मिळतो. सुरुवात उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्या गाठीपासून होते. तिथून मधल्या गाठीत क्षणभर थांबून वीज खालच्या मोठ्या कप्प्यांत पसरते, आणि त्यामागोमाग स्नायू आकुंचन पावतो. खालच्या कप्प्यांत वीज पसरायला निरोगी हृदयात साधारण ८० ते १०० मिलिसेकंद लागतात.

छातीच्या कातडीपर्यंत येता येता यातलं जेमतेम एक मिलिव्होल्ट उरतं. घड्याळाच्या सेलच्या दीड हजारावा भाग. एवढीशी गोष्ट कागदावर उतरवायला नेदरलँड्सच्या विलेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे यंत्र बांधलं, त्याचं वजन अडीचशे किलोच्या वर होतं आणि पेशंटला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसावं लागे. पट्टीवरच्या लाटांना पी (वरचे कप्पे पेटताना), क्यू-आर-एस (खालचे कप्पे पेटताना) आणि टी (खालचे शांत होताना) ही नावं त्यांचीच. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. आज तेच काम दप्तरात मावणारं मशीन करतं.

"खराब झालेला भाग" म्हणजे नेमका कसा?

तीन अवस्था वेगळ्या ओळखायला हव्यात, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होतं.

पहिली अवस्था मेलेल्या भागाची. रक्तवाहिनी बंद पडली की साधारण अर्ध्या तासात स्नायू आतल्या थरापासून मरायला लागतो आणि पुढच्या काही तासांत मरण बाहेरच्या थराकडे सरकतं. सहा-आठ आठवड्यांत तिथे घट्ट तंतूंचा व्रण तयार होतो. व्रण ना आकुंचन पावतो, ना वीज नेतो.

दुसरी अवस्था झोपलेल्या भागाची. रक्त कमी पोचतं म्हणून स्नायूनं काम थांबवलं आहे, पण पेशी जिवंत आहेत. टूडी इकोत हा भाग हलत नाही, म्हणून मेल्यासारखा वाटतो. विजेच्या तपासणीत मात्र त्याचा सिग्नल बऱ्यापैकी शाबूत असतो. रक्तपुरवठा सुधारला तर हा भाग पुन्हा कामाला लागू शकतो. म्हणूनच "पंपिंग कमी आहे" एवढ्यावरून हात टेकायचे नसतात.

तिसरी अवस्था व्रणाच्या काठावरची. मेलेल्या तंतूंच्या मधून जिवंत पेशींचे बारीक पट्टे गेलेले असतात. त्यांतून वीज जाते, पण रखडत आणि वाकडी. मेलेल्या भागाची सगळे धास्ती घेतात. विजेच्या दृष्टीनं खरा उपद्रवी हा काठावरचा भाग आहे. त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

मग पट्टीवर हे कसं दिसतं?

आधी कागद समजून घ्या. नेहमीच्या वेगात कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. एक छोटा चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद, पाच छोट्यांचा एक मोठा म्हणजे २००. उंचीत दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. पट्टीच्या कडेला दहा मिलिमीटर उंचीचा एक आयत छापलेला असतो, तो याच मापाचा. तो निम्म्या उंचीचा असेल तर मशीन अर्ध्या मापावर लावलं होतं, आणि सगळ्या लाटा खुज्या दिसणार. हे न बघता "व्होल्टेज कमी" म्हणणारे भेटतात.

छातीवर सहा आणि हातापायांवर चार, अशा दहा जोडण्यांतून बारा लीड मिळतात. प्रत्येक लीड हृदयाकडे वेगळ्या बाजूनं बघते. वीज लीडच्या दिशेनं आली तर रेघ वर जाते, दूर गेली तर खाली. आता समजा समोरच्या भिंतीचा तुकडा मेला आहे. त्याच्यावरच्या लीडला तिथून काहीच येत नाही, तिला फक्त पलीकडच्या भिंतीत दूर जाणारी वीज दिसते. म्हणून रेघ सुरुवातीलाच खोल खाली जाते. हीच रोगट क्यू वेव्ह. छोटीशी क्यू काही लीडमध्ये निरोगी माणसातही असते. रुंदी एका छोट्या चौकोनाइतकी झाली, खोली पुढच्या आर वेव्हच्या पाव हिश्शाहून जास्त गेली आणि शेजारच्या दोन लीडमध्ये तेच दिसलं, की संशय पक्का होत जातो.

कुठल्या लीडमध्ये बदल आहे त्यावरून जागा कळते. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड म्हणजे खालची भिंत. व्ही-वन ते व्ही-फोर म्हणजे समोरची. एक, एव्हीएल, व्ही-फाइव्ह, व्ही-सिक्स म्हणजे डावी बाजू. हृदयाच्या पाठीमागचा भाग नेहमीच्या बारा लीडला सरळ दिसत नाही. त्यासाठी पाठीवर जास्तीच्या जोडण्या लावाव्या लागतात आणि त्या लावायचं घाईत राहून जातं.

ताज्या ॲटॅकची खूण वेगळी असते. तिथे एस आणि टी यांच्या मधला एसटीचा तुकडा वर उचललेला दिसतो, कारण दुखावलेल्या आणि निरोगी स्नायूत विजेचा फरक पडलेला असतो. काही तासांत क्यू उमटू लागते, एसटी खाली बसते, टी वेव्ह उलटी होते. आणखी एक सूक्ष्म खूण म्हणजे आर किंवा एस वेव्हवर पडलेल्या खाचा. वीज व्रणाला वळसा घालून तुकड्यातुकड्यानं पोचली की एक सरळ टोक यायच्या जागी दातेरी टोक येतं. क्यू वेव्ह पुसली गेली तरी या खाचा कधीकधी राहतात. पट्टी वाचताना त्यांच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि ते मला पटत नाही.

रिपोर्टवर "ओल्ड एमआय" (जुना ॲटॅक) लिहून आलंय. मला तर कधी ॲटॅक आलाच नाही!

दोन्ही शक्यता खऱ्या असतात.

एक, ॲटॅक येऊन गेला आणि कळलाच नाही. मधुमेहात मज्जातंतू बधिर झाल्यानं काही वेळा छातीत कळ येत नाही. बायकांमध्ये कधीकधी नुसता दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळणं एवढंच होतं. आपल्याकडे त्याला "पित्त झालं" म्हणून गोळी घेतात आणि शेंगा चटणीवर खापर फोडून मोकळे होतात.

दोन, मशीनची टिप्पणी चुकली आहे. पट्टीच्या डोक्यावर छापून येतं ते वाक्य संगणकाचं असतं. "सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड" (मधल्या पडद्याचा ॲटॅक, कधीचा ते ठरत नाही) ही ओळ घेऊन घाबरून आलेली कितीतरी माणसं असतात. व्ही-वन आणि व्ही-टू या जोडण्या असायला हव्यात त्याच्या दोन फासळ्या वर लावल्या, तरी मशीन नेमकं हेच छापतं. विजेच्या वाटेची डावी फांदी बंद असणं (ब्लॉक), हृदयाची भिंत जाड होणं, विजेची जन्मजात जास्तीची वाट असणं, फुप्फुसं फुगलेली असणं, यांतही खोट्या क्यू वेव्ह किंवा बसकी आर वेव्ह दिसते. जोडण्या नीट लावून पट्टी पुन्हा काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यानंतर इको.

इसीजी नॉर्मल आला. म्हणजे काळजी मिटली ना?

नाही. दोन कारणांनी.

दुखणं चालू असताना काढलेली पहिली पट्टी साफ असू शकते. म्हणून पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा पट्टी काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाचा स्नायू दुखावला की वाढणारं प्रथिन) बघतात. "एकदा काढला की आता, पैसे काढायचे धंदे" असं दारात पुटपुटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

जुन्या व्रणाचंही तसंच. सगळेच ॲटॅक क्यू वेव्ह मागे ठेवत नाहीत, आणि ठेवलेली वेव्ह काही जणांत वर्षांनी पुसट होते. नॉर्मल पट्टी दाखवून व्रण नाहीच असं छातीठोक सांगता येत नाही.

पट्टी कोण काढतो, कशी काढतो, यानं फरक पडतो का?

फार पडतो. इतका, की या विषयात मी सगळ्यात जास्त भांडतो ते इथेच.

व्ही-वनची जागा डोळ्यांनी ठरवायची नसते. घशाच्या खळगीत बोट ठेवून छातीच्या मधल्या हाडावरून खाली घसरवत आणलं की तीन-चार बोटांवर एक आडवी कड लागते. तिच्या शेजारी दुसरी फासळी. तिच्या खालची फट दुसरी. मग तिसरी, मग चौथी. चौथ्या फटीत हाडाच्या उजवीकडे व्ही-वन, डावीकडे व्ही-टू. व्ही-फोर पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली. व्ही-थ्री ही व्ही-टू आणि व्ही-फोरच्या मधोमध. बायकांमध्ये व्ही-फोरपासूनच्या जोडण्या स्तनाच्या खाली बसायला हव्यात. संकोचापोटी त्या पदराच्या सोयीनं कुठेही चिकटवल्या की पट्टीत नसलेला आजार दिसतो. पडदा ओढा, बाई तंत्रज्ञ असेल तर तिला बोलवा, पण जागा चुकवू नका. हातांच्या वायरी उलटसुलट झाल्या तर पहिली लीड सगळी उलटी येते आणि एव्हीआर सरळ होते. ते दिसलं की आधी क्लिप बघायच्या.

मग आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की घामानं जोडण्या सुटतात आणि रेघ साप फिरावा तशी वरखाली होते. कोरड्या कापडानं पुसून, गरज असेल तिथे केस काढून, जेली नव्यानं लावायची. पलंगाशेजारी कूलर असेल तर रेघेला लव फुटते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एका मोठ्या चौकोनात बरोबर दहा दात. मोजून बघा, दहा भरले तर तो हृदयाचा आजार नसून कूलर आहे. कूलर बंद करून वायरी भिंतीतल्या लाइनीपासून लांब घ्यायच्या. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा त्याला लागून असलेल्या घरात शिबिर भरवलं तर हा त्रास हमखास होतो. सोलापूरच्या पूर्व भागात शिबिर असेल तर दुपारी माग थांबलेले असताना पट्ट्या काढाव्यात.

फिल्टरचं बटण दाबून दात घालवता येतात, पण त्याबरोबर आर वेव्हवरच्या बारीक खाचाही घासल्या जातात. तपासायला काढलेल्या पट्टीत आधी कारण काढा, फिल्टर नंतर.

टूडी इको आणि एमआरआय असताना विजेचा खटाटोप कशाला?

प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. इको सांगतो भिंत हलते का, पातळ झाली का. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देतात. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जातं, व्रणात रेंगाळतं, आणि दहा-पंधरा मिनिटांनी काढलेल्या चित्रात व्रण पांढरा चमकतो. व्रण किती आणि भिंतीच्या किती जाडीपर्यंत, यासाठी याच्याइतकी चांगली तपासणी नाही. किडनी फार बिघडलेली असेल तर हे औषध जपून द्यावं लागतं, आणि जुन्या पेसमेकरवाल्यांना एमआरआय नेहमी करता येत नाही.

पण चित्र स्थिर असतं. व्रणातून वीज कुठे रखडते आणि कुठून निसटते, ते विजेच्या मोजणीतच कळतं. आणि तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता एमआरआय नसतो, इसीजी असतो.

सिग्नल ॲव्हरेज्ड इसीजी म्हणजे काय?

व्रणाच्या काठावरून उशिरा पोचणारी वीज इतकी क्षीण असते की साध्या पट्टीत ती गोंगाटात बुडते. म्हणून दोन-तीनशे ठोके नोंदवून एकावर एक ठेवून सरासरी काढतात. हृदयाचा सिग्नल दर ठोक्याला तोच असतो, गोंगाट दर वेळी वेगळा. त्यामुळे दोनशे ठोक्यांत गोंगाट साधारण चौदाव्या हिश्शावर येतो आणि शेपटीतले बारीक सिग्नल वर येतात. शेवटच्या ४० मिलिसेकंदांतला सिग्नल २० मायक्रोव्होल्टपेक्षा कमी, किंवा एकूण लांबी ११४ मिलिसेकंदांपेक्षा जास्त निघाली तर "लेट पोटेन्शियल आहेत" म्हणतात.

ही तपासणी आता मागे पडली आहे. लेट पोटेन्शियल नाही निघाली तर दिलासा मोठा, पण निघाली म्हणून धोका ठरतोच असं नाही.

व्रण गप्प असतो म्हणता, मग धोका कशाचा?

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की मुख्य रस्ते बंद होतात. रिक्षा पेठांच्या बोळातून घुसतात, रखडत रखडत पलीकडे निघतात, आणि तोवर मिरवणूक पुढे गेल्यानं मुख्य रस्ता मोकळा झालेला असतो. मग तीच रिक्षा मोकळ्या रस्त्यानं मागे येऊन पुन्हा बोळात शिरू शकते. व्रणाच्या काठावरची वीज हेच करते. बाकीचं हृदय पेटून शांत झालेलं असतं, पुढच्या ठोक्यासाठी तयार असतं, आणि तेवढ्यात बारीक पट्ट्यातून उशिरा बाहेर पडलेली वीज त्याला अवेळी पेटवते. फेरा बंद झाला की मिनिटाला दीडशे-दोनशेच्या वेगानं ती गोल फिरत राहते. याला व्हीटी म्हणतात. डोळ्यापुढे अंधारी येते, माणूस पडतो. ती बिघडून व्हीएफ झाली, म्हणजे खालचे कप्पे नुसते थरथरू लागले, तर मिनिटांत जीव जातो.

हे ॲटॅकनंतर वर्षांनीही होऊ शकतं. "रिंग बसवली, आता काय होतंय" म्हणणाऱ्यांना छातीत अचानक फडफड आणि चक्कर आली तर त्यांनी ते अंगावर काढू नये. ॲटॅकला निदान चाळीस दिवस उलटून, औषधं पूर्ण चालू असूनही पंपिंग ३५ टक्के किंवा त्याखाली राहिलं, तर डॉक्टर शॉक देणारं यंत्र छातीत बसवायचा विषय काढतात, तो यासाठीच.

मॅपिंगमध्ये काय करतात?

जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक कॅथेटर हृदयात नेतात. त्याच्या टोकाला इलेक्ट्रोड असतात. टोक आतल्या भिंतीला टेकवायचं, तिथलं व्होल्टेज आणि वेळ नोंदवायची, पुढच्या जागी जायचं. चुंबकीय क्षेत्रावरून कॅथेटरची जागा संगणकाला कळते आणि पडद्यावर हृदयाचा रंगीत त्रिमितीय नकाशा तयार होत जातो. या पद्धतीची यंत्रं १९९० च्या दशकात आली. तेव्हा एकेक बिंदू घेत शे-दोनशे बिंदूंवर नकाशा काढत. आताच्या अनेक इलेक्ट्रोडच्या कॅथेटरनं तेवढ्याच वेळात हजारो बिंदू येतात.

रंगांचा अर्थ असा: दीड मिलिव्होल्टच्या वर जांभळा, म्हणजे निरोगी. अर्ध्या मिलिव्होल्टच्या खाली लाल, म्हणजे दाट व्रण. मधले पिवळे-हिरवे-निळे म्हणजे काठ. डॉक्टर मात्र नुसता रंग बघत नाहीत. काठावर वीज किती उशिरा पोचते, सिग्नल एकसंध आहे की तुटक, कुठे थोड्याशा अंतरात खूप वेळ जातो, हे बघतात. मग नेमक्या त्या जागेला कॅथेटरच्या टोकानं उष्णता देऊन ती वाट बंद करतात. याला ॲब्लेशन म्हणतात. अर्धवट जिवंत पेशींना पूर्ण गप्प करणं हाच इथला इलाज आहे.

काही तास लागतात. जांघेत रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साठणं, लकवा असे धोके आहेत. ते कमी प्रमाणात असले तरी सही करण्यापूर्वी विचारून घ्या.

हे आकडे कितपत पक्के?

दीड आणि अर्धा मिलिव्होल्ट या रेषा कामचलाऊ आहेत. २००० च्या सुमारास मोठ्या टोकाच्या कॅथेटरनं केलेल्या मोजणीतून त्या रूढ झाल्या. कॅथेटर भिंतीला नीट टेकलं नाही तर निरोगी भागही लाल दिसतो. वीज दोन इलेक्ट्रोडच्या रेषेत न जाता आडवी गेली तर सिग्नल लहान येतो. इलेक्ट्रोड जवळजवळ असले तर लाल भागातही जिवंत पट्टे सापडतात, जे मोठ्या टोकाला दिसलेच नव्हते. वरच्या कप्प्यांची भिंत पातळ, तिथे मापच निराळं. रंगीत नकाशा बघून नातेवाईक म्हणतात, "बघा, एवढं सगळं मेलंय." तसा वाचायचा तो नकाशा नव्हे.

मनगटावरच्या घड्याळात इसीजी येतो. तो चालेल?

अनियमित ठोके पकडायला उपयोगी आहे. पण ती एकच लीड असते, दोन हातांमधली. समोरची किंवा खालची भिंत तिला दिसत नाही, ॲटॅक तर नाहीच. छातीत दुखत असताना घड्याळ "नॉर्मल" म्हणालं म्हणून घरी थांबणं हा वेडेपणा आहे.

एआय पट्टीवरून सगळं सांगतो म्हणे?

सगळं नाही, पण थक्क व्हावं असं काही सांगतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटानं दाखवलं की नुसत्या बारा लीडच्या पट्टीवरून संगणकाचं जाळं पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली आहे की नाही हे बऱ्याच अचूकपणे ओळखतं. माणसाच्या डोळ्याला त्या पट्टीतून ते सांगता येत नाही. चाळणी म्हणून हे मोलाचं आहे, विशेषतः जिथे इको करणारा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो तिथे. पण पट्टी चुकीची काढली तर एआयही चुकणार, आणि व्रणाची नेमकी जागा ठरवायला तो अजून मॅपिंगची जागा घेत नाही.

आम्ही इंजिनिअरिंगला आहोत. इन्फार्क्शन (ॲटॅकनं स्नायू मरणं) ओळखण्याचा प्रोजेक्ट करायचाय. डेटा कुठून घ्यायचा?

हॉस्पिटलच्या मागे लागून पेशंटच्या पट्ट्या मागू नका. नैतिक समितीची परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. फिजिओनेट या वेबसाइटवर इसीजीचे खुले संग्रह आहेत. जर्मनीचा पीटीबी संग्रह याच कामाचा: २९० माणसांच्या ५४९ नोंदी, सेकंदाला हजार नमुने, बारा लीडबरोबर तीन जास्तीच्या. त्यात इन्फार्क्शनचे १४८ जण आणि निरोगी फक्त ५२. हा असमतोल विसरलात तर सगळ्यांना "आजारी" म्हणणारा प्रोग्रॅमही हुशार ठरेल. पीटीबी-एक्सएल त्याहून मोठा आहे, सुमारे २१,८०० नोंदी, प्रत्येकी दहा सेकंदांच्या. एमआयटी-बीआयएच हा संग्रह सगळे घेतात, पण तो ठोक्यांच्या अनियमिततेसाठी बनवलेला आहे, व्रणासाठी नाही. शिवाय तो अमेरिकेतला असल्यानं त्यात विजेचा गोंगाट ६० हर्ट्झचा आहे. इंटरनेटवरून उचललेला ५० हर्ट्झचा फिल्टर त्यावर लावून काही साधत नाही.

आमची अचूकता ९९ टक्के आली!

मग आधी संशय घ्या. बहुतेक वेळा एकाच माणसाचे काही ठोके शिकवायला आणि काही तपासायला गेलेले असतात. प्रोग्रॅम आजार ओळखत नाही, माणूस ओळखतो. विभागणी माणसांनुसार करा, ठोक्यांनुसार नाही. आकडा धाडकन खाली येईल. तोच खरा आकडा. परीक्षकांनीही व्हायव्हात हा एक प्रश्न जरूर विचारावा, अर्धे प्रोजेक्ट तिथेच उघडे पडतील.

दुसरी खोच एसटीची. हलणारी रेघ सरळ करायला अर्ध्या हर्ट्झचा साधा फिल्टर लावला की एसटीचा तुकडा वाकतो, म्हणजे ज्यावरून ताजा ॲटॅक ओळखायचा तीच खूण बिघडते. निदानाच्या पट्टीत खालची मर्यादा ०.०५ हर्ट्झ ठेवतात ती म्हणून.

खराब झालेला भाग पुन्हा बरा होतो का?

झोपलेला होऊ शकतो, मेलेला नाही. तरुण वयात हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला जेमतेम एक टक्का बदलल्या जातात आणि वयानुसार ते आणखी घटतं. व्रण भरून यायला ते पुरत नाही. औषधं चालू ठेवणं, विडी-तंबाखू सोडणं, साखर आणि बीपी ताब्यात ठेवणं यानं उरलेला स्नायू वाचतो. "व्रण विरघळवणारा काढा" विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे चालू लागा.

पुण्याला किंवा हैदराबादला दाखवायला जायचंय. सोबत काय न्यावं?

सगळ्यात जुनी पट्टी. अँजिओची सीडी, डिस्चार्ज कार्ड, इकोचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं हे लोक आठवणीनं घेतात. पाच वर्षांपूर्वीची साधी पट्टी घरी गादीखाली राहते. आजच्या पट्टीत दिसलेली क्यू नवी की जुनी, खाच आधीपासून होती का, हे शेजारी जुनी पट्टी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. फडफड चालू असताना कुठल्याही दवाखान्यात काढलेली पट्टी असेल तर ती सोन्याच्या मोलाची, कारण त्या आकारावरून वीज व्रणाच्या कुठल्या काठावरून बाहेर पडते याचा अंदाज मॅपिंगच्या आधीच बांधता येतो.

पट्टीचा कागद उष्णतेनं उमटणारा असतो, शाई नसते. पत्र्याखालच्या कपाटात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा प्लास्टिकच्या पाकिटात तो एक-दोन उन्हाळ्यांत फिका पडतो. जपायची म्हणून लॅमिनेशन केलं तर यंत्राच्या उष्णतेनं अख्खी पट्टी काळी होते. अशी काळी पट्टी प्रेमानं फाइलला लावून आणणारे दर महिन्याला येतात. काढल्या दिवशीच साध्या कागदावर झेरॉक्स घ्या, मोबाइलवर सरळ वरून फोटो काढा, त्यात तारीख आणि कडेचा मापाचा आयत दिसतोय ना ते बघा. आणि योजनेतून काम होणार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला निघण्याआधी भेटा, कुठल्या हॉस्पिटलात कुठला उपचार बसतो ते तो सांगेल.